मालकांशी बोला

फुकट्यांचा मला मनस्वी राग. मग तो सख्खा भाऊ का असेना. बाबांचं बेअरिंगचं गोदाम आता माझा धाकटा भाऊ, बाळ्या, सांभाळतो. त्याच्यासाठी मी मालमोजणीचं सॉफ्टवेअर लिहिलं, तर पठ्ठ्याने ते मित्राच्या गोदामातल्या स्कॅनरांवरही चढवून दिलं. घरचंच तर आहे म्हणे! मग मी कुलूप घातलं. बारा लायसन्स, बारा स्कॅनर. तेरावा सुरू केला की पडद्यावर उमटणार : ‘या यंत्राला परवानगी नाही. मालकांशी बोला.’

बाळ्या बरेच दिवस फुगून बसला. मग निरोप आला : नवा माणूस घेतलाय, एक जुना स्कॅनर काढ, हा नवा घाल. खाली दोन लांबलचक क्रमांक. स्वारी एकदाची वळणावर आली म्हणून मी खुशीत होते. जुना कोणाचा, हे न विचारताच बदल करून टाकला.

दुसऱ्या दिवशी गोदामात गेले, तर बाबा रॅकपाशी स्टुलावर बसून रुमालाने आपला स्कॅनर पुसत होते. कारभार सोडला तरी ते रोज येतात आणि खालचे कप्पे मोजतात. तेवढं झालं की रात्री जेवताना सांगायला काहीतरी असतं.

“सकाळपासून घेत नाहीये गं,” ते म्हणाले. “पोरं म्हणाली, बिघडला असेल. म्हटलं, माझ्या लेकीनं केलंय, चुकायचं नाही. मीच नको असेन.” स्कॅनर त्यांनी रॅकवर ठेवला. “उद्यापासून घरीच बसतो.”

मी तडक आत गेले. बाळ्या काचेच्या केबिनमध्ये कागद चाळत होता.

“बाबांना घरी बसा म्हणायची छाती झाली नाही, म्हणून माझ्या खांद्यावर बंदूक?”

“ताई, चुकतात गं ते. सगळं परत मोजावं लागतं. आणि तूच म्हणालीस ना, तेरावा चालणार नाही?”

“नाहीच चालणार.” मी उभ्याउभ्याच मोबाइलवर लायसन्सची यादी उघडली.

बाहेर रॅकवरचा स्कॅनर टुंग वाजला. बाबांनी दचकून तो उचलला, चष्मा सारखा केला आणि पहिल्या खोक्याला लावला.

बाळ्याने हुश्श केलं आणि टेबलावरचा आपला स्कॅनर हातात घेतला.

“ताई, हे काय?”

“वाचता येतं ना? मालकांशी बोल.”

 तो उठून रॅकपाशी गेला आणि बाबांच्या शेजारी उकिडवा बसला.

“बाबा, मी काय करू?”

“मागचं खोकं पुढे ओढ,” बाबा म्हणाले. “मला वाकवत नाही. दर वेळी तेच राहून जातं.”