सगळ्या फोटोंत मीच

मित्रांनो, एका परक्या सरकारच्या कपाटात माझे चार फोटो आहेत. एवढा मान आमच्या खानदानात दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. माझे सख्खे भाऊ, म्हणजे त्याच ताग्यातून निघालेल्या दोन पँटी आणि एक जाकीट, आज कुठे पायपुसणी होऊन पडले असतील कोण जाणे. मी मात्र कोटच राहिलो. करडा, तीन बटणांचा, खांद्यात चिंध्या भरलेला जुना कोट.

मला शिवणारा शिंपी हाताचा फार चांगला होता. फक्त त्याच्या आठवड्यात ‘उद्या’ हा एकच वार होता. माझे मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. स्वतःच्या लग्नासाठी म्हणून त्यांनी मला शिवायला टाकलं, आणि लग्नाच्या दिवशी मी शिंप्याच्या टेबलावर एका बाहीनिशी पडून होतो. दुसरी बाही उद्या लागणार होती.

लग्न रजिस्टर पद्धतीचं होतं. मालकीणबाई वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचं सगळं करायच्या. पाळी संपवून त्या तशाच कचेरीत गेल्या. मालक कुठल्याशा अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढून आले होते, त्यामुळे शर्टाला ग्रीस. सह्या झाल्या, साक्षीदारांना चहा पाजला आणि दोघंही पुन्हा कामावर गेले. फोटो काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हे मला नंतर ऐकून ठाऊक. मित्रांनो, त्या लग्नाला मी नव्हतो, एवढं कृपा करून ध्यानात ठेवा.

मी घरी आलो तेव्हा मालकांनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, डांबराच्या गोळ्या टाकून कपाटात टांगलं. दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांचे निरोपसमारंभ, एखाद्या थोरामोठ्याचं मरण, एवढ्यापुरताच मी बाहेर यायचो. लोक म्हणायचे, “कोट नवाच दिसतो.” मालक म्हणायचे, “जपून वापरतो.” मी आतल्या आत ताठ व्हायचो.

मग भिंगरी झाली. मुलीचं खरं नाव वेगळं, पण ती एका जागी उभी राहत नसे म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिचे फोटो मालकांच्या फोनमध्ये होते, आणि तो फोन एक दिवस नवव्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडला. मालकांना लिफ्ट दुरुस्त करता येत होती, फोन नाही.

भिंगरी तीन वर्षांची असताना मालकीणबाईंना दूरच्या देशात त्याच कामासाठी बोलावणं आलं. तिथे म्हातारे पुष्कळ आणि त्यांना उचलणारं माणूस नाही, असा प्रकार होता. आधी आपण जायचं, मग नवऱ्याला आणि मुलीला बोलावून घ्यायचं, असं ठरलं. पण त्या देशाला लग्नाचा दाखला पुरत नव्हता. संसार केल्याचा पुरावा हवा होता.

इथे मामांचा प्रवेश होतो. मामा म्हणजे मालकीणबाईंचे मामा. ते वकील नव्हते, पण वकिलाच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहत होते, आणि एवढ्या भांडवलावर त्यांनी अनेकांना सल्ले दिले होते.

मालकीणबाई पहिल्यांदा सुट्टीवर आल्या तेव्हा मामा म्हणाले, “तिथल्या साहेबाला संसार दिसला पाहिजे. फोटो लागतील. लग्नाचा, लग्नाच्या वाढदिवसाचा, घर बदललं तेव्हाचा आणि भिंगरीच्या वाढदिवसाचा.”

“यातला एकही नाही आपल्याकडे,” मालकीणबाई म्हणाल्या.

“नाही तर काढू. आज दुपारी मोकळे आहात ना?”

“मामा, लग्न खरं आहे ना आमचं? मग हे नाटक कशाला?”

“खरं आहे म्हणूनच. खोटी लग्नं करणारे गठ्ठाभर फोटो लावतात. खऱ्यांनी काय मागे राहायचं?”

मालकीणबाई उठून शेजारणीकडे साडी मागायला गेल्या. मामांच्या बोलण्यानं माणसं अशीच कामाला लागत.

त्या दुपारी सहा वर्षांचा संसार शेजाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत पार पडला. मामांनी पडदे बदलले, खुर्च्या फिरवल्या, एक कुंडी इकडची तिकडे केली. लग्नाच्या फोटोत भिंगरी मध्ये आली तेव्हा मामांनी तिला बजावलं, “तू अजून जन्मायची आहेस. आत जा.”

“किती वेळ?” भिंगरीनं विचारलं.

“दोन फोटो.”

मालकीणबाईंनी प्रत्येक फोटोला कपडे बदलले. शेजारणीचे, नणंदेचे, मिळतील ते. मालकांकडे चांगलं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे मी. माझं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. मालकीणबाई म्हणाल्या, “थांबा, टाका घालते.” मामा म्हणाले, “राहू दे गं, उजेड चाललाय. पुरुषाच्या कोटाकडे कोण बघतं?”

मित्रांनो, त्या देशात पुरुषाच्या कोटाकडे बघायला पगारी माणूस ठेवलेला असतो.

मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या देशाचा दूतावास आमच्याकडे नव्हता, शेजारच्या देशात होता. मामांनी मालकांकडून उत्तरं घोटून घेतली, पण ते स्वतः येऊ शकले नाहीत. इतक्यांना परदेशी पाठवणाऱ्या मामांकडे पासपोर्ट नव्हता. मालकीणबाई तिकडे, आपल्या कामावर. म्हणून मालक, भिंगरी आणि मी असे तिघं बसनं सीमा ओलांडून गेलो.

दूतावासाच्या दारात मला ट्रेमध्ये घालून एका यंत्रातून सरकवलं. पडद्यावर माझ्या खांद्यातल्या चिंध्या दिसल्या. पहारेकऱ्यानं त्या बघून न बघितल्यासारखं केलं, त्याचे मी आभार मानतो. आत जमिनीला खिळवलेल्या खुर्च्या होत्या. बसलेला प्रत्येक जण ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत होता.

आमचा नंबर आला. काचेपलीकडे तरुण साहेब, आणि त्याच्या शेजारी सर्दी झालेल्या दुभाषी बाई. साहेबानं चारही फोटो पत्त्यांसारखे ओळीनं मांडले. एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर.

“साहेब म्हणतात, हे बटण फार चिवट आहे,” बाई नाक पुसत म्हणाल्या. “सहा वर्षं लोंबतंय, पण पडत नाही.”

“आवडता कोट आहे,” मालक म्हणाले. हे मामांचं उत्तर होतं.

“साहेब विचारतात, लग्नात हाच घातला होता?”

यालाही मामांचं उत्तर तयार होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पण मालक ज्या लिफ्टच्या कागदावर सही करायचे, तिच्यातून आधी स्वतः वरखाली करून बघायचे. त्यांच्या जिभेला तीच सवय. त्यांनी माझ्या बाहीकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “लग्नाच्या दिवशी कोट शिंप्याकडे होता.”

बाईंनी मान वर केली. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “हे सांगू का?”

“सांगा.”

त्यांनी सांगितलं. मग साहेब बोलला.

“मग हा लग्नाचा फोटो कसला, असं विचारतायत.”

“लग्नाचा नाही. चारही एकाच दुपारचे आहेत, बायकोच्या सुट्टीतले. लग्न खरं आहे. फोटो खोटे आहेत.”

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं पेन खाली ठेवलं आणि भिंगरीकडे पाहून हसला.

“बाळ, आई घरी असली की काय करते, सांगशील?” बाईंनी विचारलं.

भिंगरीनं विचार केला. आई फोनमध्ये असते त्याला घरी असणं म्हणत नाहीत, एवढं तिला कळत होतं. घरातली आई तिला त्या सुट्टीतलीच आठवत होती.

“आई घरी असली की सारखे कपडे बदलते,” ती म्हणाली.

बाईंनी याचं भाषांतर करायला जरा वेळ घेतला.

पुरावा खोटा, म्हणून अर्ज नामंजूर. वर, खोटा पुरावा दिला म्हणून पुढची कित्येक वर्षं पुन्हा अर्जच करायचा नाही, मुलीसाठीसुद्धा. हे सगळं बाईंनी एका दमात सांगितलं आणि शेवटी आपल्याकडून हळूच भर घातली, “पाण्याचं मशीन उजवीकडे आहे, मुलीला पाजा.”

बाहेर समोरच्या बाकावर बसून मालकांनी घरी मामांना नाही, तिकडे मालकीणबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

“मी परत येऊ का?” मालकीणबाईंनी विचारलं.

“आलीस तर इथे करशील काय? तुझी जुनी जागा भरली त्यांनी.”

“मग?”

“बघू,” मालक म्हणाले. ज्याला काहीच दिसत नसतं तो हा शब्द वापरतो.

“तुम्ही दोघं कसे दिसताय ते तरी बघू द्या. एक फोटो पाठवा.”

पहारेकऱ्यानं तो काढला. दूतावासाचं फाटक फोटोत आलेलं चालत नाही, म्हणून त्यानं दोघांना रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. ऊन होतं. मालकांनी मला काढून बाकावर ठेवलं. मित्रांनो, तेवढ्या एका फोटोत मी नाही. तो अगदी खरा फोटो आहे, पण त्यात मालकीणबाई नाहीत, तेव्हा पुरावा म्हणून तो कुठेही चालायचा नाही.

माझ्या वयाच्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. मला फार जपलं, म्हणून मी इतकी वर्षं टिकलो आणि चारही फोटोंत मीच उभा राहिलो. कपडे वापरून फाडा. घरातली माणसं घरात असतात तेव्हाच, मळक्या सदऱ्यात, विस्कटलेल्या केसांत त्यांचे फोटो काढून ठेवा. नंतर मागून मिळत नाहीत.

मालक आता मला रोज कामावर घालून जातात. ज्यासाठी मला पिशवीत जपून ठेवावं असा प्रसंग आता लवकर येणार नाही, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलेलं नाही. मला मात्र पहिल्या सकाळीच कळलं.