भोपळ्याखालची पन्नासावी खाट

मित्रांनो, मी सरकारी दवाखान्यातली एक जुनी लोखंडी खाट आहे. अंगावरच्या पांढऱ्या रंगाला भुलू नका. डाव्या पायाशी जरा खरवडलंत तर खाली हिरवा रंग लागेल आणि त्याखाली गंज. माझा नंबर सतरा, पण इथे मला सगळे ‘पन्नासावी’ म्हणतात. ते नाव मला एका भोपळ्याच्या वेलामुळे मिळालं. पण आत्मवृत्त म्हटलं की आधी जन्म सांगावा लागतो, तो उरकून घेते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पायथ्याशी मला एक हँडल बसवलं होतं. ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर उचलली जायची आणि रोगी कण्हत न बसता आरामात उठून बसायचा. पुरुषांच्या वॉर्डात असं हँडल माझ्या एकटीलाच होतं. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

त्या काळी दवाखान्याला वर्षाचा पैसा ठरलेला असायचा. रोगी आले तरी तेवढाच, नाही आले तरी तेवढाच. मग नसती उठाठेव कोण करणार? जरा अवघड रोगी आला की “मोठ्या दवाखान्यात न्या” असं सांगून सगळे मोकळे. मोठा दवाखाना चार तासांच्या वाटेवर. आमच्या ऑपरेशनच्या खोलीत तेव्हा झाडू आणि बादल्या ठेवायचे.

माझा पाय मोडला तो मात्र भर कामावर. एका रोग्याला भेटायला सात नातेवाईक आले आणि सातही जण माझ्यावर बसले. रोगी बिचारा सभ्य, तो त्यांना जागा देऊन कोपऱ्यात उभा राहिला होता. कडकन आवाज झाला, पाय दुमडला आणि माझी रवानगी धुण्याच्या खोलीमागे झाली. सरकारी वस्तू मोडली म्हणून फेकता येत नाही. तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे नोंदवहीतून तिचं नाव काढायचा हुकूम यावा लागतो. तो मागवायला कागद गेला तो गेलाच. त्यामुळे नोंदवहीत मी धडधाकट उभी होते. दर महिन्याला मागचं पान बघून पुढच्या पानावर लिहायचे, ‘खाटा : पन्नास’. सहा वर्षं कुणी मोजलंच नाही.

माझी विचारपूस केली ती एकट्या माळीबुवांनी. दवाखान्याची बाग त्यांच्याकडे. त्यांनी माझ्या उशाशी भोपळ्याचं बी टोचलं आणि वेल माझ्यावर चढवला. पहिल्याच वर्षी मला अकरा भोपळे धरले. वॉर्डात असताना माझं जेवढं कौतुक झालं नव्हतं तेवढं आता झालं. पुढे पुढे तर त्या पानांखाली खाट आहे, हेच सगळे विसरून गेले.

माळीबुवांच्या पोटाच्या खाली, उजव्या अंगाला, लिंबाएवढा फुगवटा होता. हर्निया. खोकला आला की एका हाताने तो दाबायचे आणि दुसऱ्या हाताने झारी धरायचे. ऑपरेशनचं नाव काढलं की ते झारी घेऊन बागेच्या दुसऱ्या टोकाला जायचे. त्यांची बायको दवाखान्यातच चादरी धुवायची, तिला सगळे मावशी म्हणत. मावशी रोज विषय काढायची आणि रोज एकच उत्तर मिळायचं.

“आपल्या दवाखान्यात होत असेल तर आत्ता करतो. परक्या गावी कोण मरायला जाणार?”

आपल्या दवाखान्यात ते कधीच होणार नाही, याची त्यांना पक्की खात्री होती.

मग सरकारची आरोग्य विम्याची योजना आली. घरोघरी कार्डं मिळाली. कार्डवाल्याचं ऑपरेशन फुकट आणि त्याचा खर्च विम्यातून थेट दवाखान्याला. फक्त दवाखाना योजनेच्या यादीत हवा. आता रोगी परत पाठवणं म्हणजे पैसा परत पाठवणं! बघता बघता आमच्या दवाखान्याचं रूप पालटलं. तीन वर्षं चिंधी बांधलेला नळ दुरुस्त झाला. ऑपरेशनच्या खोलीतल्या बादल्या बाहेर आल्या. खिडकीतून माणसांच्या अंगावर खेकसणारा कारकून “बसा ना, उभे का?” म्हणू लागला. लोक इतके घाबरले की बसेनातच.

यादीत यायची एक अट होती, किमान पन्नास खाटा. मोठ्या सिस्टरांनी सहा वर्षांत पहिल्यांदा बोटाने मोजल्या. भरल्या एकोणपन्नास. पुन्हा मोजल्या, तरी एकोणपन्नास. नोंदवही मात्र पन्नासावर ठाम. मग पहारेकऱ्याची खोली, गच्ची, शवागार, सगळीकडे शोध सुरू झाला.

त्या दिवशी माळीबुवांनी मला दोनदा पाणी घातलं. माझं एक चाक उघडं दिसत होतं, त्यावर पान ओढलं आणि हळूच म्हणाले, “गप पडून राहा.”

मित्रांनो, मी दुसरं काय करणार होते? पण मला वाईट वाटलं. ज्याने मला पानांचं पांघरूण दिलं, त्याच्याच कामी मला येता येत नव्हतं.

तपासणीच्या दिवशी एक बाई आल्या. प्रत्येक खाटेला हात लावून त्यांनी मोजलं. “एकोणपन्नास. यादीत नाही बसत.” मोठ्या डॉक्टरांचा चेहरा पडला. मावशीने ते ऐकलं आणि ओल्या चादरींची बादली घेऊन ती मागे आली. बघते तर नवरा वेलाजवळ उभा राहून शीळ घालतोय. तीस वर्षांच्या संसारात तो घाबरल्याशिवाय कधी शीळ घालत नसे. तिने बादली ठेवली आणि सरळ पानांत हात घातला. तिच्या हाताला माझं हँडल लागलं. तिने ते जोर लावून फिरवलं.

करकरत मी उठून बसले. माझ्याबरोबर दोन भोपळेही उठून बसले.

“अहो!” मावशी ओरडली. “ही खाट तुम्हाला ठाऊक होती?”

“अगं, भोपळे नासतील म्हणून…”

मावशीचा आवाज एकदम खाली आला. “भोपळे मी पुन्हा लावीन हो. तुम्ही गेलात तर कुठलं बी लावू?”

 माळीबुवांनी कमरेचा कोयता काढला आणि स्वतःच्या हाताने वेल कापला.

पन्नासावी खाट सापडली असं मावशीने सांगितल्यावर तपासनीस बाई पाचपर्यंत थांबायला तयार झाल्या. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने जॅक लावून माझा पाय सरळ केला, मोठ्या सिस्टरांनी मला घासून काढलं. बाईंनी हात लावला आणि म्हणाल्या, “वजन पेलते का? कुणीतरी झोपून दाखवा.”

“माझे हे झोपतील,” मावशी म्हणाली.

माळीबुवा झोपले. मी करकरले, पण टिकले. डॉक्टरांनी आयता सापडलेला रोगी तपासूनही घेतला. “आतडं अडकलं असतं ना, तर मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचला नसतात,” ते म्हणाले. माळीबुवांनी माझा गज घट्ट धरला. 

पंधरा दिवसांनी दवाखान्याचं नाव यादीत आलं. योजनेतलं आमच्याकडचं पहिलं ऑपरेशन माळीबुवांचं झालं. दुसऱ्या दिवशी मावशीने हळूच हँडल फिरवलं आणि त्यांना उठवून बसवलं. ते खिडकीतून मागची मोकळी जागा बघत राहिले. मग म्हणाले, “वेलाला आता भिंत बरी.” त्यानंतर ते दर सोमवारी माझ्या चाकांना तेल घालतात.

तर मित्रांनो, विम्याचं कार्ड जपून ठेवा, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. तुमच्या दवाखान्यातल्या खाटा कधीतरी जाऊन हात लावून मोजा. आणि दुखणं पानांखाली झाकू नका. नोंदवहीत मी सहा वर्षं पन्नासावी होते, आणि त्या सहा वर्षांत माझ्यावर फक्त भोपळे झोपले.