आधी काय, ते सेन्यो सांगतील

"एबेर्तोकडे काय बघताय सगळे? त्याच्या तोंडाला काही लागलंय का?" मी म्हणाले, पण कुणी हसलं नाही.

त्या बैठकीला डॉक्टर आराउहो स्वतः येऊन बसले होते. आमच्या बारांकियात, कोलंबियाच्या या किनाऱ्यावर, साहेबाला डॉक्टर म्हणतात. नाडी त्यांनी जन्मात कुणाची पाहिली नसेल. डायलिसिसच्या पेशंटांना खेड्यांतून गाडीने आणायचं अ‍ॅप आम्ही बनवतो. पुढच्या दोन आठवड्यांत दोनपैकी एकच काम होणार होतं: बोगोटाच्या पाहुण्यांना दाखवायला रंगीत नकाशा, की गाडी रद्द झाली तर पेशंटच्या साध्या फोनवर निरोप. आधी काय घ्यायचं हे ठरवणं प्रॉडक्ट ओनरचं, म्हणजे नुरिस पोलोचं काम. तिला आम्ही सेन्यो, म्हणजे बाई, म्हणतो. एबेर्तो स्क्रम मास्टर. आमचं काम अडू नये, कुणी मध्ये लुडबुड करू नये, भांडणं चिघळू नयेत, हे त्याने बघायचं. काय करायचं ते त्याने ठरवायचं नाही.

पण कार्निव्हलनंतर सेन्योचा नवरा गेला. नऊ रात्रींच्या प्रार्थना उरकून ती कामावर आली, ती निम्मीच आली. "आधी काय?" विचारलं की एबेर्तोकडे बघायची. आणि हा भला माणूस "आमचं बोलणं झालंय, हे घ्या," म्हणून सांभाळून घ्यायचा. रोज सकाळी ती त्याच्या टेबलाशी बसे. तो सगळं समजावून सांगे, आपली अर्धी आरेपा, मक्याची भाकरी, तिच्यापुढे सरकवी. पन्नाशीचा एकटा गडी. त्या सकाळींसाठी तो इस्त्रीचे शर्ट घालू लागला होता. मला कसं नाही दिसणार? मी टेस्टर, बारीकसारीक शोधायचा पगार घेते.

डॉक्टरांनाही दिसलं, पण निराळं. "सगळं एबेर्तोच ठरवतो, मग या बाई कशाला?" असं ते बोलल्याचं आमच्या कानावर आलं होतं. आज ते तेच बघायला आले होते.

"बोला की, एबेर्तो," मागून कुणीतरी म्हणालं.

एबेर्तोने हाताची घडी घातली. "मला विचारू नका. ते सेन्यो सांगतील."

सेन्यो पांढरीफटक पडली. तिने त्याच्याकडे असं बघितलं की मला त्या माणसाचा रागच आला. अरे बाबा, आजच? साहेबांसमोर? त्याचे कान लाल झाले होते, पण हाताची घडी त्याने सोडली नाही.

"निरोप," सेन्यो अखेर म्हणाली. आवाज फाटला. तिने घसा खाकरला. "आधी निरोप. गाडी यायची नसते आणि म्हातारी माणसं पहाटेपासून आवरून दारात बसतात. नकाशा पुढच्या खेपेला."

"आणि बोगोटाची मंडळी?"

"त्यांना मी तळलेले मासे खाऊ घालीन, डॉक्टर. तेवढ्यावर खूश असतात ती."

आता मात्र सगळे हसले.

"आणि चुकलं तर?"

"तर माझं चुकलं."

डॉक्टर एबेर्तोकडे वळले. "तुला काय वाटतं?"

"आधी काय, ते त्यांचं. ते पार पडावं, आड कुणी येऊ नये, ते माझं."

"म्हणजे मी आड येतोय?"

"सध्या थोडेसे, डॉक्टर."

साहेब गुरगुरले, पण उठले. दारात थांबून सेन्योला म्हणाले, "नकाशा कधी होतोय, ते मला तुम्ही कळवा." एबेर्तोला नाही, तिला कळवायला सांगितलं! माझ्या जिवात जीव आला.

खोली रिकामी झाल्यावर सेन्यो एबेर्तोसमोर उभी राहिली. मी वायरी गुंडाळायच्या निमित्ताने रेंगाळले. असलं काही मी सोडत नाही.

"उघड्यावर टाकलंत मला."

"हो."

"पुन्हा टाकाल?"

"टाकीन, सेन्यो."

ती हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, डोळे पुसत पुसत हसली.

दुसऱ्या दिवशी ती आली ती थेट बैठकीच्या खोलीत गेली आणि पोरांशी हुज्जत घालू लागली. एबेर्तोच्या टेबलाशी थांबायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्या सकाळी संपल्या, आणि संपवल्या त्यानेच. आतून तिचा चढलेला आवाज येत होता. एबेर्तो उठला, आत कुणी घुसू नये म्हणून खोलीचं दार हळूच ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर उभा राहिला.