कार्डाची मागची बाजू

बोलिंगच्या माझ्या नव्या बॉलवरचा ठिपका अनामिकेसाठी पाडलेल्या भोकापासून एकोणीस मिलिमीटरवर होता. अंतराबद्दल माझी तक्रार नव्हती. पण तो भोकाच्या वरच्या बाजूला होता आणि मी खालची सांगितली होती. बॉल निळा-करडा, आत धूर कोंडल्यासारखा, आणि त्यात तो पिवळा ठिपका. बॉलच्या पोटातला जड गाभा कुठे आहे, ते त्यावरून कळतं. ठिपका खाली असला की बॉल लवकर आणि हळूहळू वळतो. वर असला की बराच वेळ सरळ जातो आणि शेवटी एकदम वळतो. माझा बॉल हळूहळू वळतो. शेवटी वळणारा बॉल ताईचा.

"मास्तर, मी हे नव्हतं सांगितलं."

मास्तर बोलिंग हॉलच्या मागच्या खोलीत अठरा वर्षं बॉलना भोकं पाडत आलेत. त्यांनी चष्मा खाली घेतला, खोक्यातून आमचं मापांचं कार्ड काढलं आणि कपाळावर हात मारला. आम्हा बहिणींचं कार्ड एकच: पुढच्या बाजूला ताईचं, मागे माझं. बोटांची मापं दोघींची सारखीच, म्हणून भोकं माझ्या हाताला चपखल बसत होती. फक्त ठिपका ताईच्या जागी होता.

"उलटायचं राहिलं गं, धाकटे. हात आपोआप थोरलीच्या बाजूवर थांबला."

"त्या चष्म्यालाही दोन भोकं पाडा मास्तर, म्हणजे नीट दिसेल," ताई मागून म्हणाली.

"बुजवून नव्याने पाडून देतो. चार दिवस लागतील."

संघाची यादी मात्र आज दुपारी बारापर्यंत द्यायची होती. तिसऱ्या जागेसमोरची ओळ मी कोरी ठेवली होती. ताईच्या अंगठ्याचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे अकरा महिने, जागा तिची आणि खेळत होते मी. डॉक्टरांनी तिला केव्हाच परवानगी दिली होती. ती दर सरावाला यायची, मागच्या खुर्चीत बसायची, आणि विचारलं की "बघू" म्हणायची. तिने हो म्हटलं तर मी आनंदाने बाजूला होईन, असं मी स्वतःला सांगत आले होते.

"ताई, हा तुझाच आहे. टाकून तर बघ."

"उगाच काहीतरी."

"एकदाच."

सकाळी हॉल रिकामा असतो. लेनवर नुकतंच तेल फिरवलं होतं. छतावरचे दिवे त्यात लांबट होऊन पडले होते, पाण्यात पडावेत तसे. ताई बॉल छातीशी धरून इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं, उभ्या उभ्याच झोपली. मग चार पावलं. हात मागे गेला, पुढे आला, आणि बॉल आवाज न करता त्या दिव्यांवर उतरला. एकेक दिवा निळा करत तो कडेकडेने गेला, जणू वळायचं विसरलाच. आणि मग वळला. दहाच्या दहा पिन आडव्या झाल्या. आवाज मला जरा उशिराच ऐकू आला.

"बघा! चुकलं कुठे माझं?" मास्तर दारातून ओरडले.

मी यादी काढली, पेनचं टोपण काढलं. "काय वळला गं!"

"वळला का?" ताई म्हणाली.

"म्हणजे? पाहिलं नाहीस?"

"नाही." ती दुसऱ्या हाताने अंगठा चोळत होती. "हा भोकातून नीट सुटतोय की नाही, सगळं लक्ष त्यातच. घरी भाजी चिरतानाही तेच चालू असतं डोक्यात."

"सवय होईल."

"होईलही. पण मला बॉल जाताना बघायला आवडायचं गं. मागच्या खुर्चीतून तुझा दिसतो. अगदी शेवटपर्यंत दिसतो."

बॉल खालून परत आला आणि आमच्या शेजारी येऊन थांबला. आम्ही दोघींनीही त्याला हात लावला नाही. मी पेन कागदावर टेकवलं, पण लिहिलं नाही.

"तुझं नाव लिही तिथे," ताई म्हणाली. "मी आता खेळणार नाही."