पैलवानाचं दार

चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केल्यावर घरात बसून सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटू लागलो, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, तुमचा हात अजून थरथरत नाही. माझ्या प्रयोगशाळेत अंडी मोजायला या."

अंडी पतंगांची. दिव्यावर येऊन धडपडतात ते पतंग. लेक त्यांच्या जोड्यांचा अभ्यास करते आणि स्वतःच्या जोडीबद्दल माझं अक्षरही ऐकत नाही. मी मित्राचा मुलगा पाहून ठेवलाय, दाराएवढ्या खांद्यांचा. तिला आवडलाय एक पुस्तकं बांधणारा, फुंकर मारली तर उडेल असा. "तुमच्या होकाराशिवाय लग्न करणार नाही," म्हणते, "पण करीन तर याच्याशीच." दोन वर्षं झाली, मी होकार दिलेला नाही.

प्रयोगाच्या खोलीत सकाळी अकरालाच रात्र करून ठेवलेली, एक लाल बल्ब तेवढा. प्रत्येक खोक्यात एक मादी आणि जाळीच्या तीन कप्प्यांत तीन नर. मादी ज्याच्या जाळीवर दहा मिनिटं बसेल, त्याचं दार उघडायचं. वासावरून ठरवते म्हणे. तीस खोक्यांपैकी बारा माझ्याकडे होते.

पहिल्याच खोक्याला माझी सटकली. एका कप्प्यात चांगला वजनदार, तुकतुकीत पंखांचा गडी. मी त्याला पैलवान म्हणू लागलो. आणि बाईसाहेब जाऊन बसल्या कुठे? पंखाचा कोपरा झिजलेल्या एका मरतुकड्याकडे! अगं, डोळे आहेत की बटणं? मी इकडेतिकडे पाहिलं, पैलवानाचं दार उघडलं आणि वहीत त्यालाच पसंती लिहिली. पुढच्या अकरा खोक्यांत तर मादी कुठे बसते हे बघायच्या भानगडीतच पडलो नाही. नरांच्या वजनाचा तक्ता समोर ठेवला, प्रत्येक खोक्यात सगळ्यांत जड गड्याचं दार उघडलं आणि भराभर बारा लग्नं उरकली. घरी जाताना शीळ घालत होतो.

काही दिवसांनी डोळ्याला भिंग लावून मोजायला बसलो. लेकीच्या खोक्यांत दीडशे, एकशे ऐंशी, एकात तर दोनशे चार. माझ्या पहिल्या पैलवानाच्या घरी चाळीस. मग पस्तीस. एकीने अकराच घातली, त्यातली निम्मी चिमलेली. फक्त नवव्या खोक्यात एकशे नव्वद निघाली, तेव्हा मी मांडीवर थाप मारली. पण बाकीच्या अकरा खोक्यांचं काय? भिंग पुसून अंडी पुन्हा मोजली, तरी तेवढीच. पोरीची मेहनत मी मातीत घातली होती.

"एक सांगायचंय," मी म्हणालो. "ती बारा दारं मी माझ्या मनाने उघडली."

"माहीत आहे." ती आकडे लिहीतच राहिली. "खोक्यांच्या झाकणांत कॅमेरे आहेत, बाबा. त्याच संध्याकाळी पाहिलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुलनेसाठी मला मनाविरुद्ध लावलेल्या जोड्याही हव्याच होत्या. माझा हात धजत नव्हता." तिने ओठ दाबून हसू आवरलं. "तुम्ही मात्र काय हौसेने लावल्यात!"

मी जाम ओशाळलो, पण माघार घेणं रक्तात नाही. "आणि नववीचं काय? तिथे पैलवानच होता ना? एकशे नव्वद!"

"नववी स्वतःच त्याच्या जाळीवर जाऊन बसली होती. बारांत तेवढं एकीचं ऐकलंत तुम्ही, तेही चुकून."

मी भिंग काढून खिशात ठेवलं. तिचं पेनही थांबलं होतं.

"तो तुझा पुस्तकवाला," मी शेवटी म्हणालो, "जेवतो तरी किती?"

"बाबा, आता त्याच्या जेवणावरून नको हं!"

"अगं, रविवारी त्याच्यासाठी किती शिजवायचं ते कळायला नको?"

तिने वही मिटली आणि ती ढसाढसा रडायला लागली. मलाही भरून आलं. मित्राच्या मुलाची काळजी मी सोडून दिली. कुठेतरी त्याचीही एखादी नववी असेलच.