होडीखालचे चाक

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. गाडीचे नव्हे, रहाटाचे नव्हे, घड्याळातलेही नव्हे. कोटाच्या बटणाएवढा माझा जीव. एका शिडाच्या होडीच्या तळाला, पाण्यात उलटे लटकून मी आयुष्य काढले. मला चार पाती आहेत. होडी पुढे निघाली की पाणी त्यांना ढकलते, मी फिरू लागते, आणि माझे फेरे एका तारेतून वर जाऊन सुकाणूजवळच्या तबकडीवर आकडा होऊन उमटतात. होडी किती वेगाने चालली आहे, ते त्या आकड्यावरून कळते. स्वस्थ बसणे माझ्या नशिबातच लिहिलेले नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे लांब टेबलाशी बायका ओळीने बसत. एकीने माझ्या पात्यात मोहरीएवढे लोहचुंबक बसवले, दुसरीने माझ्यातून आस घातला, आणि तिसरीचे काम काय, तर नुसती फुंकर मारून बघायचे. तिने फुंकर मारली आणि मी जे गरगरले ते थांबेचना. ती शेजारणीला म्हणाली, "हे बघ गं, माझ्या धाकट्यासारखं आहे. एकदा सुटलं की आवरत नाही." पुढे माझे जे कौतुक झाले ते याच एका गुणाचे. जे वाईट घडले तेही त्याच्याच पायी.

मी ज्या होडीवर आले तिच्यावर काका आणि काकू असे दोघेच. काकांनी एकतीस वर्षे अ‍ॅम्ब्युलन्स चालवली. काकू शाळेचे गणवेश शिवत. आता होडीची शिडे शिवू लागल्या होत्या. नोकरीतून मोकळे झाल्यावर दोघांनी ही होडी घेतली, आणि वर्षातले चार महिने ते किनाऱ्याकिनाऱ्याने एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जात. होडीच्या पोटात एक चिंचोळी खोली होती. दोन बाकडी, झोपाळ्यासारखी झुलणारी शेगडी आणि एक फळी. झाला संसार. मी पाण्यात असले तरी तळाच्या लाकडातून वरचे सगळे बोलणे मला ऐकू येई.

काकू रोज सकाळी, होडीचे दोर सोडण्याआधी, हात जोडून मिनिटभर डोळे मिटून उभ्या राहत. त्यांचा तो नेम कधी चुकला नाही. काका तेवढ्या मिनिटात निम्मे दोर सोडून टाकत.

मित्रांनो, काकांचे आणि माझे पहिल्या दिवसापासून जमले. माझा आकडा सहावर गेला की ते ओरडत, "अगं, सहा! सहा आला!" माझ्या तर पाण्यात अंगावर काटा येई. आकडा पाचाच्या खाली उतरला की मात्र त्यांच्या जिवाची नुसती तगमग. दुसरे शीड चढव, इंजिन लाव, पाण्याचे कॅन मागून पुढे ने. एकदा सगळे कॅन हलवून झाले तरी आकडा हलेना, तेव्हा ते म्हणाले, "अगं, तू जरा त्या बाजूला बसतेस का?"

"मी बायको आहे हो," काकू म्हणाल्या. "कॅन नाही."

पण उठून बसल्या त्या बाजूला. आकडा पावभर पुढे सरकला, आणि काका असे खूश झाले की काकूंना हसू आले.

मग एके दिवशी काकूंनी लोकरीची टोपी विणली आणि तबकडीवर घातली. "आता समुद्र बघा," म्हणाल्या. काका थोडा वेळ समुद्र बघत बसले. मग हळूच टोपीचा कोपरा उचलला.

"अहो, काय चाललंय?"

"काही नाही. वारा बघतोय."

"वारा टोपीखाली असतो होय?"

त्या कधी आवाज चढवत नसत. एकदा, जेवणाचे ताट तिसऱ्यांदा घसरल्यावर, त्या हळूच म्हणाल्या, "अहो, मागे कुणी पेशंट झोपलेला नाही. आपण तासभर उशिरा पोचलो तर कुणाचं काही अडत नाही."

काका म्हणाले, "माहितीये गं. पण एकतीस वर्षं मी थांबलो की कुणाचा तरी श्वास थांबायचा. आता डोक्याला कळतं, पायाला कळत नाही."

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला अजून बरे वाटत नाही. दर वर्षी होडी पाण्यात उतरवण्याआधी काका मला तळाच्या भोकात बसवलेल्या नळीतून ओढून काढत, जुन्या टूथब्रशने घासत, आसावर तेलाचा थेंब सोडत. त्या वर्षी बंदरातून सगळ्यांच्या आधी निघायचे त्यांच्या मनात भरले. "चाकाचं काय, फिरतंय ना? पुढच्या बंदरात बघू," असे म्हणून त्यांनी मला तसेच ठेवले. पुढचे बंदर आले आणि गेले, त्याच्या पुढचेही गेले. इकडे पांढऱ्या टणक कवचाचा एक समुद्री किडा माझ्या आसाला चिकटला आणि तिथेच वाढू लागला. मी फिरत होते, पण पायात दगड बांधल्यासारखे. होडी धावे आणि मी रांगे. काकांना वाटे, होडीच मंदावली. ते आणखी शीड चढवत. मी खोटे बोलत होते, मित्रांनो, आणि खरे सांगायला मला तोंड नव्हते.

त्या दुपारी आम्ही एक मोठी खाडी ओलांडत होतो. वारा वाढत होता. पश्चिमेला आभाळाच्या कडेला काळी रेघ उमटली. काकू खाली चहा करत होत्या. त्यांनी वर तोंड काढून पाहिले.

"अहो, शीड आखडा. वारा येतोय."

"अगं, चारवर चाललोय. चारला कुणी शीड आखडतं का?"

"चार? शेगडी बघा कशी झुलतेय. चारला अशी झुलते कधी?"

"आकडा समोर आहे ना माझ्या!"

"टोपी कुठाय?"

टोपी काकांच्या खिशात होती.

आणि वारा आदळला. होडी एका कुशीवर कलंडली. मी पाण्याबाहेर आले, भलत्याच उजेडात, हवेत भिरभिरत. आत भांडी कोसळली. किटलीतले उकळते पाणी काकूंच्या उजव्या हातावर सांडले. त्यांची किंकाळी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, आणि देवाच्या दयेने शेवटचीही.

काकांनी शिडाचा दोर एकदम सोडून दिला. शीड फडफडले, होडी सरळ झाली, आणि ते धडपडत खाली गेले. भाजलेल्या माणसाचे काय करायचे ते त्यांना झोपेतही ठाऊक होते. बांगडी उतरवली. हात थंड पाण्याच्या धारेखाली धरला. घड्याळात बघून वीस मिनिटे धरून ठेवला. होडी तोवर वाटेल तशी हिंदकळत राहिली.

"अहो, हात माझा भाजलाय, थरथरताय तुम्ही," काकू म्हणाल्या.

"एकतीस वर्षांत माझ्या गाडीतून माझं माणूस कधी न्यावं लागलं नव्हतं," काका म्हणाले.

काकूंनी पाण्याच्या धारेकडे बघत सांगितले, "मी पुढच्या बंदरात उतरते. बसने बहिणीकडे जाते. रागावलेली नाही हो मी. पण या होडीवर परत पाय ठेवीन की नाही, ते आत्ता विचारू नका."

काकांनी विचारले नाही. पण रात्रभर त्यांच्या येरझाऱ्या मला तळाशी ऐकू येत राहिल्या.

सकाळी बंदरात दवाखान्यात जाऊन आले. हाताला पांढरी पट्टी, बाकड्यावर काकूंची भरलेली पिशवी. बस दुपारची होती. काकांनी होडीच्या मिस्त्रीला बोलावले. त्याने मला नळीतून ओढून काढले, पाण्याचा फवारा उडाला, त्याने पटकन भोकात बूच ठोकले आणि मला उजेडात धरून खो खो हसला.

"काका, तुमच्या चाकाकडे भाडेकरू राहायला आलाय की! याला घेऊन हे फिरणार कसं? चार दाखवत होतं म्हणता? मग होडी सहाच्या वर पळत असणार. साडेसहासुद्धा."

"साडेसहा?" काका म्हणाले.

आणि मित्रांनो, त्यांचे डोळे चमकले. एक क्षणभरच. पण काकू समोरच उभ्या होत्या.

"बघा," त्या मिस्त्रीला हळूच म्हणाल्या. "हात माझा गेला, आणि यांना साडेसहाचा आनंद."

काकांनी मान खाली घातली. मिस्त्रीने किडा खरवडून काढला, मला घासूनपुसून लख्ख केले आणि परत बसवायला वाकला.

"नको," काका म्हणाले. "बूच राहू दे." त्यांनी मला रुमालात ठेवून शेगडीवरच्या फळीवर ठेवले. मग काकूंकडे वळून म्हणाले, "बसने पाच तासांत पोचशील. होडीने चार दिवस लागतील. चाक नाही लावणार. शीड कधी आखडायचं ते तू सांगायचं. वाटेत दोन बंदरं आहेत. जिथे म्हणशील तिथे बसमध्ये बसवून देईन, एक शब्द बोलणार नाही."

"जमेल तुम्हाला?"

"नाही जमणार," काका म्हणाले. "पण बघतो."

"पहिल्या बंदरापर्यंत," काकू म्हणाल्या. "पिशवी उघडणार नाही."

असे मी फळीवर बसले. ज्यांचे आवाज इतकी वर्षे ऐकले त्यांचे चेहरे मी पहिल्यांदाच नीट पाहिले. काकूंच्या कपाळावर सुई ओवताना पडते तशी बारीक आठी होती. काका बसले तरी त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबलेलाच असे. बघायला चांगले होते सगळे, खोटे कशाला सांगू. पण माझी पाती कोरडी पडली होती. होडी चालली आहे आणि मी थांबले आहे, हे मला सोसेना. खिडकीतून झुळूक आली की मी अर्धा फेरा घेई आणि पुन्हा अडे.

काकांचीही तीच गत. ते उठत, बसत. एकच दोर तीनदा गुंडाळत. पहिल्या दुपारी त्यांनी बिस्किटांचा पुडा घेतला, होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन एक बिस्किट पाण्यात टाकले आणि पुटपुटत मागच्या टोकापर्यंत त्याच्याबरोबर चालत आले. मग दुसरे. मग तिसरे. बिस्किट मागे पोचेपर्यंत किती आकडे होतात, त्यावरून होडीचा वेग काढायचा होता त्यांना.

"अहो, माशांना बिस्किटं चारताय का?" सुकाणूवरून काकू म्हणाल्या.

"हो, म्हणजे..."

"आणि मासे मोजताय का? मघापासून एक दोन तीन चाललंय."

काकांनी चौथे बिस्किट मुकाट्याने खाल्ले.

पण दुसऱ्या दिवशी, पहिले बंदर यायच्या आधीच, एका शांत वळणावर नांगर टाकून दोघे थांबले. दुपारचीच वेळ होती. काकू पाण्यात पाय सोडून बसल्या. काका बाकड्यावर जरा आडवे झाले आणि चक्क झोपले, तोंड उघडे टाकून. मी त्यांचा पाय बघत होते. तो सैल पडला होता. काकू आत आल्या, त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि चहाचे भांडे आवाज न करता खाली ठेवले. पहिले बंदर संध्याकाळी आले. बसचा थांबा धक्क्याला लागूनच होता. काकूंनी पिशवी उचलली नाही, उघडलीही नाही.

तिसऱ्या दिवशी वारा असा सुटला, की काय सांगू! मागून, खांद्यावर हात ठेवल्यासारखा. समुद्र सपाट, आभाळ धुतल्यासारखे. काकांनी तरीही सकाळीच, न सांगता, शीड निम्मे आखडून ठेवले होते. सुकाणू काकूंच्या डाव्या हातात होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "शीड का बांधून ठेवलंय असं? सोडा की पूर्ण."

"अगं, पळेल मग."

"पळू दे. मी कधी म्हटलं मला पळायला नको? वारा चांगला आहे, हात माझा सुकाणूवर आहे. सोडा."

काकांनी आखडलेले शीड मोकळे केले. शीड भरले आणि होडी निघाली! फळी गुणगुणू लागली, तळातून पाण्याचा खळखळाट वर चढला, रुमालात माझी पाती थरथरू लागली. माझी जागा तिथे खाली होती आणि तिथे बूच होते. उघड्या दारातून मला काकू दिसत होत्या. पट्टीचा हात छातीशी धरून, केस उडालेले, त्या मोठ्याने हसत होत्या. तशा हसताना त्यांना मी कधी ऐकले नव्हते.

काकांची नजर सवयीने तबकडीवर गेली. तबकडी कोरी.

"किती असेल गं?" त्यांनी विचारले.

"खूप!" काकू ओरडल्या.

संध्याकाळी दुसऱ्या बंदरात काकांनी स्वतःच विचारले, "बसची वेळ बघून येऊ?"

"कांदे संपलेत, ते बघून या," काकू म्हणाल्या, आणि पिशवीची चेन उघडून साड्या खुंटीला लावू लागल्या.

मित्रांनो, आता मी परत माझ्या जागी आहे. काका दर वर्षी मला वेळेवर काढतात, घासतात, तेल घालतात. तुमच्याही घरी काही मोजणारे यंत्र असेल तर त्याची अशीच काळजी घ्या. आम्ही घाण झालो की खोटे बोलतो, आणि आम्हाला ते थांबवता येत नाही. आणि आम्ही स्वच्छ असलो तरी सगळा वेळ आमच्याकडेच बघत बसू नका. तुमच्याजवळ बसलेले माणूस काही सांगत असेल, तर आधी ते ऐका.

बाकी माझे चांगले चालले आहे. पण ही होडी तिच्या उभ्या आयुष्यात सगळ्यात जोरात ज्या दिवशी धावली, त्या दिवसाचा आकडा कुणाकडेच नाही. काकांकडे नाही, माझ्याकडेही नाही. कुणी विचारले तर काकू सांगतात, "खूप." मला तेवढ्याने चैन पडत नाही. वारा मागून आला की मी जिवाच्या आकांताने फिरते, आणि दर वेळी वाटते, हाच असेल तो आकडा. पण वर काकू त्या दिवशीसारख्या हसत नाहीत, आणि मला कळते की अजून थोडे राहिले.