वीस मेंढ्यांचा एक खडा

"सातानंतर काय?" भगवंत गुरुजींनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नऊ," आरती म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात मेंढ्या बसल्या होत्या.

गुरुजींनी मण्यांची चौकट भिंतीला टेकवली. चौतीस वर्षं त्यांनी पहिलीचाच वर्ग सांभाळला होता. दगडालाही आकडे शिकवतील, असं महाळुंग्यात लोक म्हणत. नात जूनमध्ये पहिलीत जाणार, म्हणून भरतनं, त्यांच्या मुलानं, तिला मोठ्या विश्वासानं त्यांच्या हवाली केलं होतं. दोन महिने झाले तरी तिचा आठ हरवलेलाच होता. कॅलेंडरसमोर उभं करून वार विचारला, की ती येईल तो वार सांगायची.

वावराला खत व्हावं म्हणून भरतनं म्हाळसाबाईचा कळप पंधरा दिवसांसाठी बसवला होता. कळप आल्यावर आठवडाभरानं आरती जेवताना सहज म्हणाली, "आजोबा, अमावास्येला पाच दिवस राहिले."

गुरुजींनी कॅलेंडर पाहिलं. पाचच होते.

कुणी सांगितलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, की म्हाळसाआज्जी रोज पहाटे चंद्र दाखवते. केवढा उरला ते बघायचं, म्हणजे कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी वावरात गेले. म्हाळसाबाई मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी काठी घेऊन उभी होती आणि मेंढ्या दोन-दोन करून बाहेर सोडत होती. शेजारी आरती जोड्या मोजत होती. दहा जोड्या झाल्या, की फ्रॉकच्या ओच्यात एक खडा. शेवटी तिनं खडे मोजले. "सात विसा आन् तीन जोड्या."

एकशे शेहेचाळीस. गुरुजींनी मनातच केलं.

"विसा म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"दोनदा दहा," आरती त्यांच्याकडे न बघताच म्हणाली आणि म्हाळसाबाईच्या लुगड्याला बिलगली.

काड्यांचे गठ्ठे बांधून गुरुजी आयुष्यभर हेच तर शिकवत आले होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. सही करण्याऐवजी अंगठा उठवणारी बाई, आणि पोर तिला बिलगते. आपल्यासमोर पोरीचा आवाज एकदाही असा मोकळा निघाला नव्हता.

त्या दुपारी त्यांनी चाकणला कंपनीत असलेल्या भरतला फोन केला. शेजारच्या गेणभाऊच्या उसात मेंढ्या शिरल्या, असं सांगितलं. कळप हलवलेला बरा, उगाच भांडण नको. खोटं बोलताना त्यांचा आवाज वर्गात बोलावं तसा स्वच्छ होता. भरतनं काही न विचारता म्हाळसाबाईला निरोप धाडला.

सकाळी घोड्यावर बिऱ्हाड लादून म्हाळसाबाई ओट्याशी आली. अवसरीला निघालो, म्हणाली. आरतीच्या तोंडावरून हात फिरवला. उसाचा विषय तिनं काढला नाही.

"पोर लई झटकन घेती, गुर्जी," ती म्हणाली. "माझा नवसूबी तुमच्या वर्गात बसायचा. होळीपातूर आमी हितं असायचो, तवा. दारापाशी, पार मागं. तुमी म्हणला व्हता, ह्यो जायाचाच हाय, ह्याला कशाला शिकवायचं. मंग मीच शिकवलं, मेंढरांवर."

आवाजात तक्रार नव्हती. पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगून ती वळली.

गुरुजींना नवसूचा चेहरा आठवेना. ते वाक्य मात्र आठवलं. ते त्यांनी कितीतरी पोरांबद्दल म्हटलं होतं.

संध्याकाळी आरती आपण होऊन मण्यांच्या चौकटीसमोर बसली आणि जोडी-जोडीनं सरकवत शंभरपर्यंत गेली. कुठं अडखळली नाही. आजोबांकडे तिनं मान वर करूनही पाहिलं नाही. भरत नुकताच घरी आला होता. तो हसून म्हणाला, "शेवटी मास्तर ते मास्तर." सूनही कौतुकानं बघत होती. गुरुजींनी मान हलवली.

उजाडताच त्यांनी आरतीला स्कूटरवर पुढं उभं केलं आणि अवसरी गाठली. गावाबाहेरच्या पडीक रानात मेंढ्या दिसल्या. मोजणी सुरू झाली होती. जाळी धरून एक दाढीवाला गडी उभा होता. तो नवसू असणार. त्यानं गुरुजींना ओळखलं आणि नुसती मान लववली. आरती धावत जाऊन म्हाळसाबाईच्या शेजारी आपल्या जागी उभी राहिली. लगेच तिचे ओठ हलू लागले.

गुरुजी बांध उतरून जवळ गेले. वाटेत त्यांनी सगळं बोलणं जुळवलं होतं.

"म्हाळसाबाई, त्या उसाचं मी जे सांगितलं—"

म्हाळसाबाईनं त्यांच्याकडे न बघता हाताचा पंजा वर केला. मोजणी मोडायची नसते. काठी खाली आली, आणखी एक जोडी बाहेर गेली. आरतीनं आजोबांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

गुरुजी दोन पावलं मागं सरले आणि हात बांधून उभे राहिले. अजून निम्म्याहून जास्त मेंढ्या आत होत्या.